ओझं ठेवायचं कुठे? टँक बॅगविषयी थोडं सविस्तर

शुक्रवारी दुपारी शेवटचं प्रॅक्टिकल संपलं की आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये एकदा नीट नजर फिरवा. घरी निघालेली मंडळी आपापल्या गाड्यांवर सामान लादत असतात. एकाच्या पाठीवर लॅपटॉप, जर्नल्स आणि आठवडाभराचे न धुतलेले कपडे कोंबलेली सॅक. दुसऱ्याच्या हँडलला दोन्ही बाजूंना पिशव्या. तिसऱ्याने मागच्या सीटवर बॅग रबरी दोरीने आवळलेली, तीही तिरकी. चौथा तर टाकीवर सॅक ठेवतो, तिच्यावर पोट टेकवतो आणि "चल, बस लवकर" म्हणत मागे मित्राला बसवतो.

बहुतेक वेळा हे सगळे सुखरूप घरी पोहोचतात, म्हणूनच त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटत नाही. पण खंबाटकी किंवा कुंभार्ली घाटातल्या एखाद्या वळणावर अचानक ब्रेक दाबावा लागतो, तेव्हा गाडी काय करेल हे ते सामान कुठे बांधलंय यावर बरंच अवलंबून असतं. चौथ्या मित्राची कल्पना खरं तर वाईट नाही. जागा त्याने बरोबर निवडली आहे, फक्त साधन चुकीचं आहे. त्या जागेसाठी खास बनवलेली वस्तू म्हणजे टँक बॅग. ती का वापरावी, कशी निवडावी आणि वापरताना कुठे जपावं, हे या लेखात पाहू.

आधी थोडं मेकॅनिक्स

घाबरू नका, व्हायव्हा घेत नाही! पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समधल्या दोनच गोष्टी आठवायच्या आहेत.

पहिली गोष्ट मोमेंटची. आपल्याकडच्या साध्या मोटारसायकलचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, साधारण १.३ मीटर असतो. समजा, ५ किलोची बॅग तुम्ही मागच्या कॅरिअरवर बांधली आणि तिचं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या २० सेंटिमीटर मागे पडलं. मोमेंट घेऊन पाहा. मागच्या चाकावर सुमारे ५.८ किलो भार येतो आणि पुढच्या चाकावरचा भार सुमारे ०.८ किलोने चक्क कमी होतो. सी-सॉसारखा प्रकार! आता तीच बॅग टाकीवर, मागच्या अ‍ॅक्सलच्या ७० सेंटिमीटर पुढे ठेवा. पुढच्या चाकावर सुमारे २.७ किलो आणि मागच्या चाकावर २.३ किलो. म्हणजे जवळजवळ निम्मं-निम्मं. पुढचं चाक म्हणजे आपलं स्टिअरिंग आणि आपला मुख्य ब्रेक. ते हलकं झालेलं कोणाला परवडेल? ५ किलोने फार बिघडत नाही, पण १५ किलोची बॅग आणि वर घाटाचा चढ असेल, तर हँडल 'तरंगल्यासारखं' लागतं. हा अनुभव अनेकांना असेल, कारण मात्र लक्षात आलेलं नसतं.

दुसरी गोष्ट मोमेंट ऑफ इनर्शियाची. वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग! यातला 'वर्ग' महत्त्वाचा. ५ किलोचं ओझं गाडीच्या गुरुत्वमध्यापासून ८० सेंटिमीटर मागे असेल, तर ५ × ०.६४ = ३.२. तेच ओझं २० सेंटिमीटरवर असेल, तर ५ × ०.०४ = ०.२. म्हणजे अंतर चौपट झालं की गाडी वळवायला त्या ओझ्याचा होणारा विरोध सोळापट होतो. ओझं तेच, गाडी तीच, चालवणारा तोच. फक्त जागा बदलली.

हँडलला लटकवलेल्या पिशवीचा तर प्रश्नच वेगळा. ती हँडलबरोबर फिरते, लंबकासारखी झोके घेते आणि नेमकी वळणात उलट्या बाजूला ओढते. वर पुढच्या चाकाच्या स्पोकमध्ये बंद अडकण्याची भीती. भाजीची जुडी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणणं वेगळं आणि साठ किलोमीटर तशा पिशव्या घेऊन जाणं वेगळं.

आणि पाठीवरची सॅक? तिचं ओझं गाडीवर नंतर, आधी तुमच्या खांद्यांवर आणि कमरेवर येतं. तासाभराने खांदे दुखायला लागले की हातांची पकड आणि डोक्यातलं लक्ष दोन्ही कमी होतं. शिवाय ती सर्वांत उंचावर असते.

उंचीचा मुद्दा टँक बॅगलाही लागू आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. टाकी गाडीच्या मधोमध असली तरी उंचावर असते. १४० किलोची गाडी आणि ७० किलोचा चालक धरा. गुरुत्वमध्याच्या ४० सेंटिमीटर वर ५ किलो ठेवले, तर गुरुत्वमध्य एक सेंटिमीटरही वर सरकत नाही. १५ किलो ठेवले, तर पावणेतीन सेंटिमीटर सरकतो. म्हणूनच टँक बॅगचा पहिला नियम असा : जागा उत्तम, पण ओझं थोडं. ५ किलो ही मर्यादा समजा आणि बॅग बनवणाऱ्याने त्याहून कमी लिहिली असेल तर ती पाळा. टाकीवर सूटकेस बांधायची नसते!

कशी बसते ही बॅग?

टाकीवर सामान ठेवणं आपल्याकडे नवं नाही. वडिलांच्या काळातल्या राजदूत, येझदी, बुलेटच्या टाकीवर रेग्झिनचं कव्हर असायचं आणि त्याला बाजूला खिसे असायचे. आर.सी. बुक, फडकं, स्पॅनर सगळं त्यात. आजची टँक बॅग हा त्याचाच सुधारलेला अवतार. ती टाकीला धरून ठेवण्याचे तीन प्रकार आहेत.

१) चुंबकाची बॅग. बॅगेच्या बुडाला किंवा बाजूच्या पंखांना चुंबक शिवलेले असतात. टाकीवर ठेवली की 'टक्' करून बसते. उचलायला दोन सेकंद. गाडी बदलली तरी बॅग तीच चालते. पण अट एकच, टाकी लोखंडी पत्र्याची हवी. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांची टाकी पत्र्याचीच असते. मात्र अनेक नव्या मॉडेल्सवर टाकीच्या बाजूला किंवा वरही प्लॅस्टिकची आवरणं असतात आणि काही महागड्या गाड्यांच्या टाक्या अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतात. तिथे चुंबक काय करणार? तेव्हा विकत घेण्याआधी फ्रिजवरचं एक साधं चुंबक खिशात घालून पार्किंगमध्ये जा. बॅगेचे चुंबक जिथे जिथे येणार, तिथे तिथे ते चिकटतं का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

चुंबकाबाबत आणखी एक गोष्ट समजून घ्या. पाकिटावर लिहिलेली ताकद ही जाड, सपाट पोलादी पट्टीवरून चुंबक सरळ वर ओढून मोजलेली असते. आपल्या टाकीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास, वर रंग, मध्ये बॅगेचं कापड आणि टाकी गोलाकार. प्रत्येक थराने पकड झपाट्याने कमी होते. शिवाय ब्रेक लावल्यावर बॅग वर उचलली जात नाही, ती पुढे सरकते. सरकण्याला फक्त घर्षण अडवतं आणि ते ओढण्याच्या ताकदीचा लहानसा हिस्सा असतं. जोरात ब्रेक मारला आणि ०.७ जी इतकं डिसिलरेशन आलं, तर ५ किलोची बॅग साडेतीन किलोच्या जोराने पुढे जाऊ पाहते. पुढे काय आहे? हँडल! म्हणून चुंबकाच्या बॅगेत ओझं दोन-तीन किलोच ठेवावं आणि सोबतचा सुरक्षेचा पट्टा कंटाळा न करता अडकवावा.

२) पट्ट्यांची बॅग. कुठल्याही टाकीला चालते, म्हणून सर्वांत भरवशाची. एक पट्टा पुढे स्टिअरिंग हेडजवळच्या फ्रेमला आणि दोन पट्टे मागे सीटखालच्या फ्रेमला. यातला प्रत्येक पट्टा आपापलं काम करतो. मागचे पट्टे बॅगेला ब्रेकच्या वेळी पुढे सरकू देत नाहीत. पुढचा पट्टा वाऱ्याने बॅग मागे-वर उचलू देत नाही. त्यामुळे 'एक पट्टा नाही लावला तर काय होतंय' असं म्हणू नका. पुढचा पट्टा बांधताना फ्रेमच्या नळीलाच बांधा. हँडल किंवा फोर्कला बांधला, तर हँडल वळवताना बॅगही ओढली जाईल. क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरची केबल आणि वायरिंग पट्ट्याखाली दबत नाही ना, ते वाकून पाहा. दबलेली अ‍ॅक्सिलरेटरची केबल म्हणजे सोडल्यावरही न उतरणारी रेस! पट्ट्याची उरलेली शेपटं गुंडाळून रबराने बांधा. लोंबणारी शेपटं चेनमध्ये जायला वेळ लागत नाही.

३) रिंगची बॅग. टाकीच्या झाकणाभोवतीचे स्क्रू काढून तिथे एक रिंग बसवतात आणि बॅगेच्या बुडाला तिची जोडी असते. बॅग वरून ठेवली की 'खट्' करून लॉक होते. जर्मनीच्या एसडब्ल्यू-मोटेक आणि इटलीच्या गिव्ही या कंपन्यांच्या अशा रिंग प्रसिद्ध आहेत. बॅग टाकीला जवळजवळ टेकतच नाही, त्यामुळे रंगावर चरे पडत नाहीत आणि सरकण्याचा प्रश्न नाही. पण रिंग प्रत्येक गाडीच्या झाकणानुसार वेगळी, बॅगही त्याच कंपनीची हवी आणि किंमत होस्टेलच्या खिशाला जड. लांबच्या राइड नेहमी करणाऱ्यांनी विचार करावा. महिन्यातून दोनदा घरी जाणाऱ्याला पट्ट्यांची पुरे.

माप कोणतं?

बॅगेचं माप लिटरमध्ये सांगतात. ५ ते ८ लिटरची छोटी, १० ते १५ लिटरची मध्यम आणि २० लिटरच्या पुढची मोठी. मोठी बॅग पाहून आपल्याला वाटतं, एवढ्याच पैशात जास्त जागा मिळतेय, घेऊन टाकू. इथेच गंमत आहे. रिकामी जागा माणसाला स्वस्थ बसू देत नाही, ती भरली जातेच. आणि भरलेली २० लिटरची बॅग तुमच्या आणि मीटरच्या मध्ये भिंतीसारखी उभी राहते.

म्हणून माप लिटरवरून ठरवू नका, गाडीवर बसून ठरवा. चार गोष्टी पाहा. बॅग भरलेली असताना मीटर, इंडिकेटरचा दिवा आणि किल्ली दिसते का? दोन्ही गुडघ्यांनी टाकी धरता येते का? (स्प्लेंडरसारख्या अरुंद टाकीवर रुंद बॅग बाजूंना लोंबते आणि गुडघ्यांना लागते.) बॅगेमुळे तुम्ही सीटवर मागे ढकलले जात नाही ना? आणि सर्वांत महत्त्वाचं, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळतं का? आखूड, खाली झुकलेलं हँडल असलेल्या गाड्यांत हा प्रश्न हमखास येतो.

बहुतेकांना १० लिटरच्या आसपासची बॅग पुरते. एक लिटरची पाण्याची बाटली, रेनकोट, एक टी-शर्ट, चार्जर आणि खाऊचा डबा त्यात आरामात मावतो.

कापडाबद्दलही एक गोष्ट. पाकिटावर '१६८० डेनिअर' असं लिहिलेलं असतं आणि विक्रेता ते मोठ्या अभिमानाने सांगतो. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. म्हणजे १६८० डेनिअरचा ९ किलोमीटर धागा १६८० ग्रॅम भरतो. आकडा मोठा तितका धागा जाड, एवढाच त्याचा अर्थ. बॅग फाटते ती बहुधा कापडात नाहीच, शिवणीत आणि चेनमध्ये. तेव्हा दुकानात आकडा वाचण्यापेक्षा पट्टा जिथे शिवलाय तिथे दोन्ही हातांनी ओढून पाहा आणि चेन दहा वेळा उघड-बंद करा.

आत काय ठेवायचं आणि काय नाही

आता या लेखातला सर्वांत गंभीर मुद्दा, आणि याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. समोरून धडक बसली तर गाडी थांबते, पण चालक थांबत नाही. तो पुढे टाकीवर जातो. ओटीपोट आणि कंबरेची हाडं टाकीवर आपटणं ही मोटारसायकलच्या अपघातांतली डॉक्टरांना परिचित असलेली दुखापत आहे. मागे मित्र बसला असेल, तर त्याचाही भार तुमच्या पाठीवर येतो. आता विचार करा, त्या क्षणी तुमचं पोट आणि टाकी यांच्यामध्ये काय असावं? टी-शर्ट आणि रेनकोट? की चेन-लॉक, पाना-पक्कड, स्टीलचा डबा आणि काचेची लोणच्याची बरणी?

म्हणून नियम सोपा करू. टणक, टोकदार आणि काचेची वस्तू टँक बॅगेत नको. लॉक आणि हत्यारं सीटखाली किंवा मागच्या बॅगेत, जितकी खाली तितकी चांगली. आईने दिलेली लोणच्याची बरणी प्लॅस्टिकच्या डब्यात ओतून घ्या आणि कपड्यांत गुंडाळून मागच्या बॅगेत टाका. पाण्याची बाटली मऊ प्लॅस्टिकची, आणि ती हँडलच्या बाजूला. पोटाच्या बाजूला नेहमी कपडे. जड वस्तू तळाशी, हलकी वर, आणि डावी-उजवी बाजू सारखी.

लॅपटॉप? १५.६ इंची लॅपटॉपची रुंदी ३५ सेंटिमीटरच्या पुढे जाते, तो बहुतेक टँक बॅगेत मावत नाही. मावला तरी कडा पोटाकडे येतात. तो मागच्या बॅगेत दोन जाड कपड्यांच्या मध्ये उभा ठेवा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप असेल, तर तो 'स्लीप'वर न ठेवता पूर्ण बंद करा.

मोबाइलसाठी वर पारदर्शक खिसा असतो. नकाशा पाहायला तो छान, पण दोन सूचना. एक, दुपारच्या उन्हात त्या खिशाची भट्टी होते, फोन तापून बंद पडतो. दोन, टाकीवर पाहायचं म्हणजे नजर रस्त्यावरून पूर्ण खाली जाते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. दोन सेकंद खाली पाहिलंत, तर ३३ मीटर तुम्ही डोळे मिटून गेलात. नकाशा थांबून पाहावा, चालताना कानातल्या सूचना पुरेत. राहिला कंपनांचा प्रश्न. एक सिलिंडरचं इंजिन ६००० आर.पी.एम.ला फिरतं, तेव्हा सेकंदाला १०० वेळा हादरे देतं. मोटारसायकलच्या अशा कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्याचं नुकसान होऊ शकतं, अशी सूचना खुद्द अ‍ॅपलने २०२१ मध्ये दिली होती. हँडलला घट्ट आवळलेल्या फोनपेक्षा बॅगेतल्या कपड्यांवर ठेवलेला फोन त्या मानाने सुखात असतो.

चुंबकाच्या बॅगेत आणखी थोडी काळजी. काळ्या पट्टीची कार्डं बुडाशी ठेवू नका. चिपला चुंबकाने काही होत नाही, पण पट्टीवरची माहिती पुसली जाऊ शकते. फोनचा होकायंत्र चुंबकाजवळ भरकटतो. आणि स्टाफपैकी किंवा घरच्यांपैकी कोणाला पेसमेकर बसवला असेल, तर त्यांनी अशी बॅग छातीशी धरून उचलू नये. आपल्या कॉलेजपुरती एक खास सूचना : ही बॅग वर्कशॉपमध्ये नेऊन लेथजवळ ठेवू नका. बुडाला लोखंडाचा चुरा चिकटेल आणि नंतर तोच टाकीवर पॉलिश पेपरसारखा फिरेल!

निघण्याआधी पाच तपासण्या

बॅग भरून, बांधून झाली की लगेच किक मारू नका. पुढच्या पाच तपासण्यांना मिळून तीन मिनिटं लागतात.

१) गाडी मेन स्टँडवर लावून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बॅग कुठेही अडता कामा नये. घाटातला हेअरपिन किंवा गर्दीतला यू-टर्न, दोन्हीकडे हँडल पूर्ण वळवावं लागतं. तिथे ते अर्ध्यात अडलं, तर गाडी आडवी झालीच म्हणून समजा.

२) न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून पुन्हा तसंच फिरवा आणि आवाज ऐका. हँडल वळवताना रेस आपोआप वाढली, तर केबल ओढली जात आहे. हॉर्न वाजला किंवा इंजिन बंद पडलं, तर बॅग स्विचला दाबते आहे.

३) बॅग दोन्ही हातांनी पुढे, मागे आणि बाजूंना ढकला. सरकली तर पट्टे पुन्हा आवळा.

४) खांद्याला अडकवायचा पट्टा काढून आत ठेवा. तो हँडलच्या टोकात अडकतो.

५) मोकळ्या जागेत ताशी वीस-तीस किलोमीटरने जाऊन एकदा जोरात ब्रेक लावून पाहा. बॅग जागेवर राहिली तर शंभर किलोमीटरसाठी निश्चिंत.

पंप, पाऊस आणि पुसणी

पेट्रोल भरताना बॅग पूर्ण काढून घेणं उत्तम. पट्ट्यांच्या बॅगेचे मागचे बकल सोडून ती पुढे कलंडवता येते. पण सांडलेलं पेट्रोल कापडात जिरू देऊ नका, ते वासाने आणि आगीने, दोन्हींनी वाईट.

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत टाकीच्या झाकणाला हवा आत जाण्यासाठी बारीक भोक असतं. सहसा बॅग टाकीवर हवाबंद बसत नाही. पण रबरी बुडाची बॅग घट्ट आवळली आणि ते भोक बुजलं, तर टाकीत निर्वात तयार होतो, पेट्रोल उतरत नाही आणि टाकी भरलेली असूनही गाडी रिझर्व्ह लागल्यासारखी आचके देते. बॅग सैल करून झाकण उघडताच 'फुस्स' आवाज आला, तर निदान पक्कं! एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ आल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं आणि नव्या गाड्यांत टाकीतली हवा खेळवण्याची रचनाही बदललेली आहे. पण होस्टेलच्या पार्किंगमध्ये दादाकडून धाकट्याकडे आलेल्या गाड्या कमी नाहीत.

पावसाळ्यात ताम्हिणी, आंबोलीचा पाऊस कुठल्याही चेनमधून आत येतो. सोबतचं रेन कव्हर वाऱ्याने फुगतं, उडतं आणि बुडाकडून पाणी शिरतं ते वेगळंच. भरवशाचा उपाय आतून : कपडे आणि कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून रबराने बंद. लायसन्स आणि आर.सी.ची भीती बरीच कमी झाली आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की डिजिलॉकर आणि एमपरिवहनमधली कागदपत्रं मूळ कागदांप्रमाणे ग्राह्य धरावीत. अर्थात फोन चार्ज असला पाहिजे!

टाकीच्या रंगाचा शत्रू चुंबक नाही, धूळ आहे. बॅग ठेवण्याआधी टाकी ओल्या फडक्याने पुसा, बॅगेचं बूड झटका आणि मध्ये मऊ, स्वच्छ कापड किंवा रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म वापरा. मात्र कापड घातलं की चुंबकाची पकड कमी होते, हे विसरू नका. चुंबकाची बॅग असेल तर फिल्मच बरी.

आणि हो, चहाला थांबलात तर बॅग बरोबर घेऊन टपरीवर जा. तुम्हाला दोन सेकंदांत निघणारी बॅग इतरांनाही दोन सेकंदांतच निघते.

खिशाचं काय?

रायनॉक्स, वायाटेरा यांसारख्या भारतीय कंपन्यांच्या चांगल्या बॅगा मिळतात. परवडत नसेल तर निराश होऊ नका. गावातला सीट कव्हर शिवणारा कारागीर हा या कामातला खरा इंजिनिअर. त्याला गाडी दाखवा, टाकीचं माप घेऊ द्या. बुडाला फोम आणि मऊ कापड, वर जाड रेग्झिन, पुढे एक आणि मागे दोन पट्टे, चांगली बकलं. फक्त आकाराबाबत त्याच्याशी आधी नीट बोला : उंची वीतभरापेक्षा जास्त नको आणि गुडघ्यांना जागा सुटली पाहिजे. आणि चुंबक घालायच्या फंदात पडू नका. जुन्या स्पीकरचे चुंबक शिवून जुगाड करता येतो, पण ब्रेकच्या वेळी तो किती धरेल हे कोणी मोजलेलं नसतं. पट्टा मात्र ओढून बघता येतो.

शेवटी एक लक्षात ठेवा. टँक बॅग घेतली म्हणजे जास्त सामान नेता येतं, असं नाही. ती रोज हाताशी लागणाऱ्या चार हलक्या, मऊ वस्तूंची जागा आहे. बाकीचं ओझं खाली, मधोमध आणि दोन्ही बाजूंना सारखं बांधायचं. दुधाचे कॅन लावून पहाटे निघणारे आपले दूधवाले बघा. जड कॅन दोन्ही बाजूंना, खाली आणि तोलून लावलेले. मोमेंटचं गणित त्यांनी कदाचित कधी वहीत मांडलं नसेल, पण ते रोज पाळतात. आपण वहीत मांडतो, पंधरा मार्कांचं उत्तर लिहितो आणि पार्किंगमध्ये येऊन विसरतो!

तेव्हा पुढच्या वेळी सामान बांधताना 'मावेल का?' याआधी 'कुठे बसेल?' हा प्रश्न विचारा. हेल्मेटचा पट्टा लावा आणि सावकाश जा. लोणचं तुमची वाट पाहतंय, आणि आईसुद्धा.